कुणी आडवं आलं नाही

रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमखास मैदानावर अल्तमशच्या सत्काराचा फुटबॉल सामना सुरू झाला. अल्तमश अकरा वर्षं कोलकाता आणि गोव्याच्या क्लबांकडून मधल्या फळीत खेळला. दोनदा लीग जिंकली, एक मोसम कप्तानी केली. मार्चमध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बुधवारी गोव्यात क्लबचे डॉक्टर त्याला तपासणार होते; नवा करार त्यावर अवलंबून होता. गुडघा धक्का सोसतो का, हे त्याला आज इथंच पाहायचं होतं.

माइकवर सर्जेराव होते. सामन्याआधी त्यांनी हळूच विचारलं होतं,

"गोल फक्त सात? सत्तर म्हणू का? लोकं टाळ्या तरी वाजवतील."

"सातच म्हणा, काका. बाकीच्यांनी माझ्या पासवर मारलेत."

मधल्या फळीतल्या माणसाला चेंडू मिळाला की कुणीतरी अंगावर येतंच. इथं कुणी येईना. अल्तमशनं मुद्दाम चेंडू पायाशी थांबवला. समोरच्या संघातला सत्यम हातभर अंतरावर घुटमळला आणि बाजूला झाला. पास सुंदर गेला. लोक खूश झाले.

मध्यंतरात त्यानं सत्यमला गाठलं.

"चेंडू काढून का घेत नाहीस?"

"लागंल ना तुम्हाला, भाई."

"लागू दे. त्यासाठीच आलोय."

"नाय जमायचं. लुबनाभाभींनी समद्यांना कसम घातलीय."

अल्तमशची बायको लुबना खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसली होती. तो समोर जाऊन उभा राहिला. तिनं झाकण काढून पाण्याची बाटली पुढे केली.

"बुधवारी धड पायांनी जा, एवढंच."

"आणि गुडघा कसाय म्हणून सांगू?"

"बरा आहे म्हणून सांगा."

"आहे का?"

"तुम्ही जिना कसा उतरता, ते मी रोज ऐकते."

तो पाणी न पिता परतला.

"कसम मी सोडवली," सत्यमला तो म्हणाला. "ये अंगावर."

सत्यमनं खुर्च्यांकडे पाहिलं. लुबनानं मान खाली घातली. पुढच्या वेळी अल्तमशकडे चेंडू आला, तसा सत्यम खरोखरच जीव खाऊन धावला.

तो पोचण्याच्या खूप आधी अल्तमशनं चेंडू देऊन टाकला होता. पास अचूक होता. टाळ्या पडल्या. शेवटच्या शिट्टीपर्यंत त्यानं चेंडू पायाशी थांबवला नाही.

धक्का घ्यायला आपणच तयार नाही, हे त्याला कळलं होतं; तरी मंगळवारचं गोव्याचं तिकीट सोमवारी दुपारपर्यंत त्यानं रद्द केलेलं नव्हतं.