मोठा आ

दातांच्या दवाखान्यात तिचा दरारा होता. डॉक्टरीणबाईंची ही मदतनीस खुर्चीशेजारी उभी राहून "मोठा आ करा!" म्हणाली की भलेभले पैलवान मुकाट जबडा उघडत. बसमध्ये मात्र बाईसाहेब पक्क्या मुखदुर्बळ. तिथे एक धटिंगण रोज दारातच पाय रोवून उभा असायचा, जणू दार म्हणजे त्याची वडिलोपार्जित इस्टेट. बाई उतरायला निघाली की याचं कोपर नेमकं आडवं. ही "जरा सरकता का?" असं पुटपुटेपर्यंत बस सुटलेली असायची. मग पुढच्या थांब्यावरून धापा टाकत उलटं पळत यायचं.

"रोजचंच झालंय तुझं," काल डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं होतं. "उद्या उशीर झाला तर मी दुसरी मुलगी बघते."

हे काम तिला मनापासून आवडायचं. ते जाणार म्हणून रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आज थांबा आला आणि धटिंगण जागचा हलेना. कोपर तिच्या बरगडीत, चेहरा मात्र असा की आपण त्या गावचेच नाही! कंडक्टरने घंटी मारली. संतापाने तिचे कान तापले. "सरका" म्हणायला तिने तोंड उघडलं, पण सवय जडलेल्या जिभेने ऐन वेळी दगा दिला.

"मोठा आ करा!"

धटिंगणाने खरोखरच आ वासला आणि गोंधळून दोन पावलं मागे सरकला. बाकावरच्या एका आजोबांनीही कवळी सांभाळत आ केला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

"हं, आता मिटा. आणि उतरणाऱ्यांना वाट द्या," ती म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर मागे कशाला राहायचं?

"त्याची अक्कलदाढ बघा हो, आलीच नसेल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि बायका पोट धरधरून हसल्या.

ती उतरली, तेही वेळेवर. आनंदाने तिला उडी मारावीशी वाटत होती. तेवढ्यात मागोमाग उतरलेल्या एका पोक्त बाईंनी तिचा हात धरला. खिडकीपाशी गप्प बसणाऱ्या या बाईंना ती रोज बघायची.

"बाई, तुम्हीपण इथेच उतरता?"

"ही समोरची शाळा आहे ना, तिची मुख्याध्यापिका मी," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या कोपरापायी मीही रोज पुढच्या थांब्यावरून चालत येते गं."