चौलचं चिपटं

मित्रांनो, चिपटं म्हणजे काय, हे आता तुमच्यातल्या पुष्कळांना सांगावं लागेल. तांदूळ मोजायचं ते एक लहान माप. ते चार वेळा भरलं की शेर व्हायचा. मी तसलंच एक पितळेचं जुनं चिपटं आहे आणि दादरच्या एका व्यायामशाळेत, लोखंडी वजनांच्या वरच्या फळीवर बसून असतो. नवी मुलं येतात, माझ्याकडे बघतात आणि स्वयंपाकघरातलं भांडं इथे कसं आलं म्हणून हसतात. हसू देत. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसतं.

माझा जन्म चौलचा. तिथल्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. त्याचा बाप ज्या आकाराची मापं करी, त्याच आकाराची तोही करी. सारा गाव त्याच मापांनी देई-घेई, त्यामुळे कुणाची कधी तक्रार नव्हती. गावातल्या कौसल्या नावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी इतर भांड्यांबरोबर मलाही घेतलं आणि माझ्या पोटावर तिचं नाव घातलं. बोटीत बसून मी तिच्याबरोबर मुंबईला आलो.

दादरच्या चाळीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. नवरा फोर्टातल्या कचेरीत कारकून. तो लवकर गेला. मग कौसल्याबाईंनी शिवणाच्या मशीनवर वीरेंद्र आणि नलू या दोन मुलांना वाढवलं.

त्या मला नेहमी शिगेनं भरत. शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या वर उभा राहतो तो तांदळाचा ढीग. वरून बोट फिरवून माप सपाट करायचं ते बाजारात. घरच्या माणसाच्या ताटासाठी तसं करायचं नाही, असं त्यांच्या माहेरचं वळण होतं. महिनाअखेर डबा रिकामा होत आला तर त्या मला अर्धंच भरत, पण बोट फिरवत नसत. आणि वाढताना मुलांना ‘पुरे का’ असं विचारायची त्यांना सवयच नव्हती. त्या वाढतच राहत. मुलांनी ताटावर आडवा हात धरायचा, तेव्हा कुठे त्यांचा हात थांबे.

वीरेंद्र मोठा झाला, कचेरीत लागला आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊ लागला. वजन उचलण्यात त्यानं नाव काढलं. त्या साली मुंबईच्या संघाची निवड लालबागला होणाऱ्या स्पर्धेतून व्हायची होती. या खेळात गट पडतात ते अंगाच्या वजनावरून. वीरेंद्र ज्या गटात पहिला आला असता, त्या गटाच्या मर्यादेपेक्षा तो थोडा जड होता. वरच्या गटात त्याच्याहून थोराड गडी होते, तिथे त्याचा निभाव लागणार नव्हता. अंग उतरवायचं, पण ताकद उतरू द्यायची नाही, असं ते अवघड काम होतं. त्याला संघात जायचं होतं. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

व्यायामशाळेचे अण्णा त्याला शिकवत. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर कोणत्या जिनसातून किती उष्मांक मिळतात ते खडूनं लिहून ठेवलं होतं. भाताचे, पोळीचे, तुपाचे, शेंगदाण्यांचे. माणूस खातो किती आणि जाळतो किती, याची वजाबाकी म्हणजे शरीर, असं ते म्हणत. त्यांनी वीरेंद्रला आखून दिलं, दिवसाला एक चिपटं तांदूळ, तेही सपाट. तूप बंद. त्याला आवडणारी सोड्याची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी तर बंदच.

पहिल्या दिवशी कौसल्याबाईंचं बोट माझ्या काठाशी येऊन थबकलं. मग त्यांनी डोळे मिटून ते फिरवलं. खाली पडलेली शीग त्यांनी मोठ्या डब्यात परत टाकली नाही, एका वेगळ्या डब्यात ठेवली. नलूनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ही त्याच्याच वाटणीची आहे गं. जिंकून आला की याचाच नारळीभात करीन.” वीरेंद्रला हे सांगायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. त्याला लाजल्यासारखं होईल, म्हणून.

तेव्हापासून वीरेंद्रचा भात वेगळ्या पातेलीत शिजू लागला. सुरुवातीला त्याचं वजन छान उतरलं. मग ते एका जागी अडलं. अण्णांनी दंड-बैठका वाढवल्या, तूप नाही ना, साखर नाही ना, असं पुनःपुन्हा विचारलं. शेवटी ते म्हणाले, “माझा हिशोब चुकत नाही वीरेंद्र. घरात कुणाचा तरी हात सैल आहे.”

वीरेंद्रनं घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, मी बोट फिरवूनच देते रे. पण अण्णांचं बोलणं त्याच्या मनात राहिलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. चाळीतून सत्याग्रहींच्या तुकड्या निघत. शिवाजी पार्कच्या सभेहून पोरं घसे बसवून, उपाशी परत येत. चाळीतल्या बायकांनी घरटी तांदूळ काढून त्या पोरांसाठी अंगणात मोठं पातेलं चढवायचं ठरवलं. त्या तांदळासाठी मात्र कौसल्याबाई मला शिगोशीग भरत. लेकाच्या ताटासाठी आवरलेला हात तिथे मोकळा होई. शेजारच्या शकूमावशी हे बघून नळावर कौतुकानं बोलल्या, “कौसल्येचा हात बघावा. शीग लावते ती चिपट्यावर दुसरं चिपटं बसेल एवढी.” गॅलरीत दात घासत उभ्या असलेल्या वीरेंद्रनं तेवढंच ऐकलं. तांदूळ कुणासाठी, ते त्यानं विचारलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी लालबागला त्याला काट्यावर उभं केलं. काटा रेघेच्या जरासा पुढे गेला. पंचांनी थोडा वेळ दिला. तो अंगाला घोंगडी गुंडाळून मैदानाला फेऱ्या मारून आला, घामानं निथळला, पुन्हा काट्यावर चढला. तरी काटा रेघेवर आला नाही. त्याच्या गटात एक दुसराच मुलगा पहिला आला. त्यानं उचललेलं वजन वीरेंद्र रोज उचलत असे.

दुपारी तो घरी आला. आई दारातच उभी होती. ओट्यावर नारळ खवून ठेवलेला होता.

“तुला एक गोष्ट जमली नाही आई. एक बोट फिरवायचं होतं.”

“मी फिरवलं रे विरू.”

“शकूमावशीनं पाहिलंय तुला शीग लावताना. मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

“ती पोरांच्या पातेल्याची होती.”

“राहू दे. तुझ्या हातचं खाऊन मी उभा राहिलो आणि तुझ्या हातानंच बसलो.”

नलू तो वेगळा डबा घेऊन पुढे आली होती. कौसल्याबाईंनी तिला डोळ्यांनीच मागे फिरवलं. हरून आलेल्या मुलाला आणखी काय दाखवायचं, असं त्यांना वाटलं असावं. तेव्हा मी ओट्यावर होतो, खवलेल्या नारळाशेजारी.

दुसऱ्या दिवसापासून वीरेंद्र खाणावळीत जेवू लागला. घरी तो फक्त चहा घेई. व्यायामशाळाही त्यानं सोडली. कौसल्याबाईंनी मला चिंधीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. त्या वेगळ्या डब्यातल्या तांदळात पुढे टोके झाले, तेव्हा त्यांनी ते तांदूळ गॅलरीच्या कठड्यावर पाखरांना घातले. माळ्यावर माझं अंग काळं पडलं. खालून मशीनचा आवाज येई. वाढण्याचा, बोलण्याचा आवाज फारसा येत नसे.

मग महाराष्ट्र राज्य झालं. चाळीवर दिवे लागले. त्याच सुमारास बाजारात किलो आणि लिटर आले आणि आमच्यासारख्या मापांचे दिवस संपले. नलूचं लग्न ठरलं होतं. जुनं पितळ मोडीत देऊन नवी भांडी घ्यायची म्हणून तिनं मला खाली काढलं. शकूमावशीही त्यांचं चिपटं घेऊन आल्या. ते मुंबईच्याच तांबाकाट्यावरच्या भांड्यांच्या बाजारातलं होतं. नलूनं सहज त्यांचं चिपटं तांदळानं काठोकाठ भरलं आणि माझ्यात ओतलं.

मी भरलो नाही. चांगला मूठभर तांदूळ मावेल एवढा रिकामा राहिलो.

“अगं, हे तर मोठं आहे,” शकूमावशी म्हणाल्या.

नलूनं पुन्हा ओतून पाहिलं. पुन्हा तसंच झालं. वीरेंद्र दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता. अण्णांचा सगळा हिशोब मुंबईच्या चिपट्यावर होता आणि आई चौलच्या चिपट्यानं मोजत होती. सपाट, पण चौलच्या.

नलू त्याच्याकडे न बघता म्हणाली, “आईनं तुझ्यासाठी एकदाही शीग लावली नाही दादा. काढलेली शीग डब्यात साठवत होती. तू जिंकलास की नारळीभात करायला.”

कौसल्याबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वीरेंद्रनं मला मोडीत जाऊ दिलं नाही. संध्याकाळी तो मला घेऊन अण्णांकडे गेला. अण्णांनी स्वतः मापून पाहिलं आणि मला लोखंडी वजनांच्या वरच्या फळीवर ठेवलं. मग त्यांनी फळ्यावर उष्मांकांच्या खाली एक ओळ लिहिली, ‘प्रत्येकानं आपल्या घरचं माप दाखवायला आणावं.’ पण वीरेंद्रचं वय आणि ती निवड, दोन्ही निघून गेली होती.

त्या रात्री तो कित्येक दिवसांनी घरी जेवायला बसला. म्हणाला, “आई, चुकलं माझं. तू वाढ. न मोजता वाढ.”

“बस हो,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात राग नव्हता. त्यांनी एक डाव भात वाढला. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, “पुरे?”

वीरेंद्रनं ताटावर हात धरला नव्हता. त्यानं मान हलवली, आणखी वाढ म्हणून. त्यांनी आणखी एक डाव वाढला आणि पुन्हा विचारलं, पाहुण्याला विचारावं तसं. पुढे त्या जगल्या तोवर रोज त्याला विचारत राहिल्या. त्यानं किती वेळा सांगितलं, विचारू नकोस. त्या ‘बरं’ म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत.

मित्रांनो, शरीर कमवा. खाल्लेलं मोजा. मी स्वतः माप आहे, मोजू नका असं कसं म्हणू? पण आकडा जुळला नाही तर आधी माप तपासून बघा. भांडं चुकीचं निघालं तर बदलता येतं. माणसाच्या हाताला एकदा बोल लावला की तो हात पूर्वीसारखा सैल पडत नाही.

वीरेंद्र आता म्हातारा झाला आहे आणि अण्णांच्या जागी तोच मुलांना शिकवतो. वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, तो मला घासून घरी नेतो आणि शिगोशीग भरतो. त्या दिवशी माझ्या काठाला कुणी बोट लावत नाही.