पेल्यातली खिडकी

हॉलंडमधल्या हार्लेममध्ये प्रोटेस्टंटांचं राज्य होतं, म्हणून कॅथलिकांची प्रार्थना माळ्यावर, दार लावून व्हायची. तिथून उतरून आली की माख्तेल्ट काही न खाता आधी चित्राला बसे. टेबलावर अर्धं सोललेलं लिंबू, मोडलेला पाव, हेरिंग मासा आणि वाइनचा पेला. आधी सगळं राखाडी रंगात उतरवायचं, ते वाळलं की वर तेलात पातळ केलेले रंग चढवायचे, आणि पेल्यावरची चकाकी अगदी शेवटी. ती आज सकाळीच ठेवून झाली होती.

चित्र वेसेलनं काढायला सांगितलं होतं, आणि आज तो ते बघायला आला होता. बिअर गाळणारा, प्रोटेस्टंट, पण लहानपणी तिच्याच अंगणात खेळलेला.

"मावशी, हा मासा झाकून ठेवावा लागेल, आमचं मांजर चित्र फाडेल!" तो हसला. "आणि लिंबू म्हणजे आमच्या सासूबाई. वरून सोनं, चाखलं की..." बोलता बोलता तो पेल्यापाशी अडखळला. "हे काय? क्रूस?"

चित्रातल्या पेल्याच्या पोटात खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं. तिच्या दोन पट्ट्या मधोमध एकमेकींना छेदत होत्या.

"आमच्या चर्चची वडीलधारी मंडळी घरी जेवायला येतात, मावशी. क्रूस दिसला की त्यांना कॅथलिक वास येतो. खिडकीच आहे ना? तेवढं म्हणा, लगेच घेऊन जातो."

म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? खिडकी तर होतीच. पण रोज देवापुढे चालणाऱ्या जिभेनं अर्धंच कसं सांगायचं?

"रेखली तेव्हा खिडकीच होती रे," ती हळू म्हणाली. "चकाकी ठेवताना मात्र माझ्या मनात क्रूस होता."

"झालं! कशाला सांगितलंत?" वेसेलनं कपाळाला हात लावला. "रंग ओला आहे ना अजून? पुसा की."

"मी नाही पुसणार. चित्र तुझ्यासाठी काढलंय. पुसायचं तर तू पूस." तिनं चिंधी पुढे केली.

चिंधी घेऊन तो वाकला, तसा खिडकीच्या आड आला. टेबलावरचा खरा पेला एकदम मालवला. काच कुठली, वाइन कुठली, कळेना. तो बाजूला झाला, पेला उजळला. पुन्हा आड गेला, पुन्हा बाजूला आला.

"ही चकाकी नसली तर पेलाच दिसत नाही की," तो पुटपुटला आणि त्यानं चिंधी खाली ठेवली. "कोणी विचारलं तर मी आपलं खिडकीच म्हणणार हं."

"म्हण की. तुला तीच दिसते."

"आणि तुम्हाला विचारलं तर?"

"विचारणाऱ्याला माझ्या या खुर्चीत बसवीन, आणि काय दिसतं ते त्यालाच विचारीन." माख्तेल्टनं टेबलावरचा पाव उचलला. चित्रासाठी आता त्याचं काम संपलं होतं. "मासा घेतोस?"

"हा? याचा वास कालव्यापलीकडे जातोय, मावशी!"

"मग पाव घे." तिनं त्याचे दोन तुकडे केले.

"शिळा आहे," वेसेल चावता चावता म्हणाला, आणि त्यानं दुसरा घास घेतला.