पाळणाघराचा सल्ला

चिंतामण देव यांच्या अमरावतीच्या घरावर 'मजूर सल्लागार' अशी पाटी होती. सल्ला मजुरांना देता की मजुरांबद्दल, असं लोक थट्टेनं विचारत. देव म्हणत, जो बोलावतो त्याला. बोलावत ते मालकच. मजूर खात्यातली सरकारी नोकरी सोडून देवांनी हा धंदा धरला होता. बडनेऱ्याला गाडीत बसायचं, अकोल्याला उतरायचं, एखाद-दुसरी कापसाची जिन किंवा तेलाची गिरणी गाठायची आणि हजेरी, पाळ्या, रजा, भांडणं असं सगळं कायद्यात बसवून द्यायचं. इन्स्पेक्टर येऊन काही न बोलता गेला, की त्यांचं काम झालं.

खुशालरावांच्या जिनीत मात्र त्यांनी न मागितलेला एक सल्ला देऊन ठेवला होता.

ही गेल्या हंगामातली गोष्ट. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. सरकी काढणाऱ्या रेच्यांची धडधड चालली होती, बाया तोंडाला फडकी बांधून कापूस घालत होत्या, आणि देव भिंतीच्या कडेनं चालले होते. एका टोपल्यात फडक्याखाली तान्हं मूल दिसलं. एवढ्या आवाजात निजलंय कसं म्हणून त्यांनी ते उचललं, तर मान मागे लोंबली. श्वास चालू होता. कौशल्या नावाची बाई रेचा सोडून धावत आली आणि तिनं ते हातातून काढून घेतलं. काही नाही झालं साहेब, मोहरीएवढीच देतो, सगळ्याच देतात, म्हणाली. अफू. संध्याकाळपर्यंत उठत नाही, मग आईला काम करता येतं.

देव तसेच कचेरीत गेले. पन्नासापेक्षा जास्त बाया असल्या की कारखान्यात पाळणाघर लागतं, तुमच्याकडे कितीतरी जास्त आहेत, असं त्यांनी खुशालरावांना सांगितलं. खुशालराव बार्शीटाकळीकडचे, घरची काळी जमीन आणि स्वतःचा कापूस. ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. पुढच्या हंगामात बांधू म्हणाले. पाळणे किती लागतील ते पाहायला देव बायांमध्ये फिरले. सुरुवातीला एकीनंही मूल असल्याचं कबूल केलं नाही. देवांनी समजावलं, कुणाला काढणार नाहीत, माझा शब्द. मग पोरं दिसायला लागली. घरी ठेवलेली पोरंही बायांनी दाखवायला आणली. त्या दिवशी परतीच्या गाडीत देवांना आपला धंदा प्रथमच थोडा बरा वाटला.

दिवाळीनंतर जिन उघडली त्या सकाळी देव मुद्दाम हजर राहिले. पाळणाघराची नवी टिनाची खोली तयार होती. आत छपरापर्यंत सरकीची पोती रचली होती.

खुशालरावांनी खुर्ची फाटकाशीच मांडली होती. बाहेर बाया ओळीनं उभ्या होत्या. हंगामी काम, दर साली नव्यानं घ्यायचं.

"देवसाहेब, तुमी कायदा सांगतला, आमी तो पाळून राहिलो," खुशालराव म्हणाले. "पन्नासाच्या वर लागते ना पाळणाघर? मंग पन्नासच घेतो."

देवांनी सांगून पाहिलं की काम तेवढंच राहणार, बाया थकतील. खुशालरावांनी मान हलवली आणि म्हणाले, लेकुरवाळ्या वगळू म्हणजे कुणाचंच नुकसान नाही, त्या घरी पोरं सांभाळतील. असं करणं बरं नाही, असं देव म्हणाले. कायद्यात तसं लिहिलंय का, असं खुशालरावांनी शांतपणे विचारलं. लिहिलं नव्हतं. देवांना ते पाठ होतं.

एकेक बाई पुढे येत गेली. लेकरू हाये काय? नाही. हाये काय? नाही. एकही पोर बरोबर नव्हतं. खुशालराव प्रत्येकीनंतर देवांकडे बघत. देव फाटकाच्या बिजागरीकडे बघत राहिले. मुकादमाला काही घरं ठाऊक होती, त्यानं काहीजणी बाजूला काढल्या. पन्नासावी जागा उरली तेव्हा ओळीच्या टोकाला दोघी होत्या. पुढे कौशल्या, मागे पार्बताबाई, वय झालेली, एकटी, मूलबाळ नसलेली.

कौशल्याही नाही म्हणाली. तिच्या लुगड्यावर छातीशी ओला डाग होता. तिनं पदर ओढून घेतला, पण उशिरा.

"देवसाहेब, तुमी मागं घरोघरचं इचारलं व्हतं," खुशालराव म्हणाले. "हिले लेकरू हाये का नाही, तुमीच सांगा."

कौशल्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत उभी राहिली. हो म्हणावं तर तिचा हंगाम गेला, आणि शब्द दिलेला. नाही म्हणावं तर ते मूल रोज अफूवर, होळीला हंगाम संपेपर्यंत. मागे पार्बताबाई उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, शेजारीच राहायची ती. तिनं एक शब्द काढला असता तर जागा तिची होती. ती बोलली नाही.

"नाही," देव म्हणाले.

कौशल्या आत गेली. फाटक लागलं. पार्बताबाईनं देवांकडे एकदा बघितलं, रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि उन्हात चालू लागली.

कचेरीत चहा आला. खुशालरावांनी इन्स्पेक्टरला काय सांगायचं ते देवांना विचारून घेतलं. देवांनी सांगितलं. सगळं कायद्यात बसत होतं.

दुपारच्या सुट्टीत कौशल्या हौदाशी पाणी पीत होती. देव तिच्याजवळ गेले. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्यांनी विचारलं, मूल कुणाजवळ आहे, निदान अफू तरी देऊ नको, पार्बताबाई आता घरीच आहे, तिच्याजवळ ठेव.

कौशल्यानं चूळ भरून टाकली.

"जिची जागा घेतली, तिच्याजवळ?" ती म्हणाली.

भोंगा झाला. तिनं फडकं पुन्हा नाकावर बांधलं.

"आन् लेकरू कोणतं साहेब? तुमीच त नाही म्हणून सांगतलं."