सव्वा एकर गवत

गावाच्या कडेला घर घ्यायचं, आणि घ्यायचं तर चांगलं ऐसपैस आवार असलेलं, ही हौस साहेबांची. साहेब म्हणजे गोदामातले निवृत्त सुपरवायझर. हाताखाली चाळीस माणसं होती तेव्हा सगळे साहेब म्हणत. नोकरी संपली तरी ते नाव अंगाला चिकटून राहिलं, आणि ते काढून टाकायची त्यांनीही कधी घाई केली नाही. त्यांची बायको घरातच कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट तोकडी करणं, चेन बदलणं, कोटाच्या बाह्या आखूड करणं, अशी कामं. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत, म्हणून आपणही मावशीच म्हणू.

घर घेतलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "सव्वा एकर म्हणजे काही फार नाही. दर रविवारी दोघं मिळून गवत कापू. व्यायामही होईल." ढकलायचं एक मशीन आणलं. पहिल्या उन्हाळ्यात साहेबांनी दोनदा कापलं. दुसऱ्या वेळी अर्ध्यातच कमरेवर हात ठेवून ते पायरीवर बसले ते बसलेच. त्या दिवसापासून मशीनचा दांडा मावशींच्या हातात आला आणि अकरा वर्षं तिथंच राहिला.

गवत वाढायच्या दिवसांत आठवड्याची दोन दुपारं त्यात जात. एक पुढच्या आवारासाठी, एक मागच्या. मागचं आवार मोठं. तिथं जायला स्वयंपाकघराची भिंत आणि कुंपण यांच्यामधला बोळ. त्या बोळात पाण्याचा नळ बाहेर आलेला, त्याच्यावर मावशींची कोपरं किती वेळा आपटली असतील त्याला गणती नाही. मागे नाल्याकडे उतार, उताराच्या मध्यावर जमिनीतून डोकं काढलेला एक दगड. डोळे मिटून चाललं तरी त्याला चुकवून जाता येईल इतकी ती जमीन त्यांच्या पायांना पाठ झाली होती. साहेब खिडकीत बसत. मधूनच एखादा पाण्याचा ग्लास बाहेर देत आणि बोटानं दाखवत, "तिकडे डावीकडे जरा राहिलंय बघ." मावशींना त्या ग्लासाचं अप्रूप वाटायचं. बिचाऱ्याला कमरेमुळे येता येत नाही, पण लक्ष आहे, असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या.

या वर्षी त्यांचा उजवा खांदा बोलायला लागला. हात वर जाईना, बोटांना मुंग्या येत, कात्री सुटायची. डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं, "शिवण तरी ठेवा नाहीतर गवत तरी. दोन्ही आता या हातानं होणार नाही."

जेवताना मावशींनी विषय काढला. बसून चालवायचं मशीन घेऊ या का? त्यांना वाटलं होतं, साहेब नाक मुरडतील. पण ते तोंडातला घास गिळायच्या आधीच म्हणाले, "घेऊ या. माझ्या कधीचं मनात आहे."

मावशी खूश झाल्या. मापं घेणं हा तर त्यांचा धंदाच. गळ्यातली टेप घेऊन त्यांनी बोळ मोजला. नळापाशी सगळ्यात अरुंद, शेहेचाळीस इंच. उतारावर फळी धरून मोजलं, दहा फुटांत दीड फूट खाली. झाडांमधली अंतरं घेतली. सगळं बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर शिसपेन्सिलीनं लिहिलं आणि पर्समध्ये ठेवलं.

दुकानात एक पन्नाशीचा विक्रेता होता. हातांच्या रेषांत ग्रीस बसलेलं. आधी दुरुस्ती करायचा, मग विकायला लागला, असं त्यानंच सांगितलं. त्यानं कागद दोनदा वाचला.

"ताई, इतकं मोजून आमच्याकडे कोणी येत नाही. लोक रंग बघून घेतात."

मावशींना बरं वाटलं. असं बरं वाटून बरेच दिवस झाले होते.

तो त्यांना कोपऱ्यातल्या एका लहान मशीनकडे घेऊन गेला. "हे अडतीस इंची कापतं. याहून मोठं घेतलं की बाजूला गवत फेकायचं तोंड बाहेर येतं, तुमच्या नळाला घासेल. याला वेळ थोडा जास्त लागेल, पण बोळातून जाईल, झाडांभोवती वळेल. उतारावर वर-खाली चालवा, आडवं नको. बसून बघा."

मावशी बसल्या. पाय पॅडलला नीट पोचले. चाक डाव्या हातानंही फिरत होतं. उगाच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून त्यांनी पाहिलं आणि आपलं आपल्यालाच हसू आलं म्हणून मान खाली घातली.

"अगं, इकडे ये," दुकानाच्या दुसऱ्या टोकाकडून साहेबांचा आवाज आला.

साहेब खिडकीजवळच्या सगळ्यात मोठ्या मशीनवर बसले होते. उंच पाठीची सीट, हात टेकायला दोन्हीकडे गाद्या, पुढे दिवे. पाठ ताठ, नजर समोर. गोदामातल्या खुर्चीवर ते असे बसायचे.

"सर, ते चौपन्न इंची आहे," विक्रेता म्हणाला. "मैदानासाठी घेतात. तुमच्या बोळातून..."

"बोळ काय दगडात कोरलाय?"

"अहो, मागे न्यायचं कसं मग?" मावशी म्हणाल्या. "मागचंच तर जास्त आहे."

"नेऊ. चालवणार मी आहे ना? मग मला झेपेल तसं मी घेतो."

मावशी बघतच राहिल्या. "तुम्ही चालवणार?"

"मग कोण?"

"आणि कंबर?"

"बसूनच तर चालवायचं."

हे काही चुकीचं नव्हतं. अकरा वर्षांनी का होईना, माणूस आपणहून म्हणतोय. मावशींच्या हातात कागद होता तो त्यांनी घडी घालून पर्समध्ये टाकला. विक्रेत्यानं रीत म्हणून त्यांनाही त्या मोठ्या मशीनवर बसवलं आणि किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद.

"सीटखाली बटण असतं," तो म्हणाला. "माणूस बसला नसेल तर मशीन चालू नये म्हणून. वजन कमी पडतंय. स्प्रिंग सैल करून देतो."

साहेब मोठ्यानं हसले. "तुला ते माणसांत धरत नाही."

विक्रेता हसला नाही. साहेबांनी स्प्रिंगही सैल करू दिली नाही, तिची काय गरज, म्हणाले.

मशीन ट्रकमधून आलं आणि अर्थातच बोळाशी घोडं अडलं. साहेबांनी त्याला पुढच्या आवारात ठेवलं, वर ताडपत्री घातली. पुढचं आवार ते पाऊण तासात कापत, आणि एकदा कापून त्यांचं समाधान होईना, म्हणून आठवड्यातून तीनदा कापत. रस्त्यानं कोणी गेलं की हात वर करत. डोक्याला टोपी आली, गॉगल आला. उतरून, पार वाकून, खाली पात्यात काय अडकलं ते बघत. मावशी ते बघायच्या आणि त्यांच्या मनात काहीतरी यायचं, पण त्या ते पुढे जाऊ देत नसत.

मागचं गवत गुडघ्याला लागलं. "होईल काहीतरी," साहेब म्हणत. मावशींनी जुनं मशीन काढलं आणि दुखऱ्या खांद्यानं जमेल तेवढं ढकललं.

तेवढ्यात त्यांच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन निघालं. मावशी चार दिवस तिच्याकडे राहिल्या. पाचव्या दिवशी घरी आल्या आणि दारातच थबकल्या.

घराच्या दुसऱ्या अंगाला पत्र्याची एक लांब खोली होती. पूर्वी तिथं कोणाची तरी मोटार राहत असावी. अकरा वर्षं ती मावशींची शिवणाची खोली होती. आता तिची पुढची भिंत नव्हती आणि मागचीही नव्हती. दोन्हीकडे मोठाली दारं बसवली होती, मधल्या जमिनीवर तेलाचा पहिला डाग पडला होता, आणि तिथं ते मशीन उभं होतं.

"ये, बघ," साहेब म्हणाले. "जावईबापू आले होते दोन दिवस. मागे जायला रस्ताही झाला आणि मशीनला जागाही झाली. मला गोदामात असताना असंच सुचायचं."

"माझं सामान?"

"आत आहे सगळं. नीट लावलंय."

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला शिलाई मशीन होतं. कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन जमिनीवर. गिऱ्हाइकांचे कपडे तीन खोक्यांत कोंबलेले. मावशींनी वरचा कोट उचलला, मग त्याखालची पँट, मग घाईघाईनं आणखी पाच-सहा कपडे.

"यांना टाचलेल्या चिठ्ठ्या कुठे गेल्या? नावं, मापं..."

"त्या होय? बोटाला टोचत होत्या सारख्या. काढून टाकल्या. कचराच होता."

पुढचे दोन दिवस मावशी जमिनीवर बसून कोणता कपडा कोणाचा ते आठवत राहिल्या. एका मास्तरीणबाईंचा स्कर्ट दुसरीच्या मापाचा झाला. ती बाई काही बोलली नाही, फक्त पुन्हा आली नाही.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. पुढचं-मागचं सगळं आवार कापलेलं, साहेबांचा चेहरा खुललेला. जेवता जेवता जावई सहज म्हणाला, "बाबा, तुमची कंबर आता अगदी ठणठणीत दिसते."

"कंबरेला काय झालंय," साहेब म्हणाले. "तेव्हाही चांगलीच होती. थोडीफार धरायची, नाही असं नाही. पण खरं सांगू का? ते ढकलत फिरायला मला लाज वाटायची. चाळीस माणसं हाताखाली असलेला माणूस मी. घर रस्त्यावर, येणारे-जाणारे बघतात. घामाघूम होऊन दांडा ढकलणारा माणूस कसा दिसतो? मजूर दिसतो."

जावई हसला, आणि मग एकदम ताटाकडे बघायला लागला. लेक म्हणाली, "बाबा." साहेबांना काही कळलं नाही. "पाणी वाढ गं जरा," ते मावशींना म्हणाले.

मावशींनी पाणी वाढलं. थेंबही सांडला नाही. त्या बसल्या आणि त्यांनी जेवणही संपवलं.

स्वयंपाकघरात लेक मागून आली. "आई, ते काही मनात ठेवून बोलले नाहीत गं."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर."

पाहुणे गेल्यावर साहेब खुर्चीत डुलक्या घेत होते. मावशी समोर जाऊन बसल्या.

"मी दिसायचे ना मजूर?"

साहेबांनी डोळे उघडले. "तू अजून तिथंच का? तुझं वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"तुला आवडायचं ते."

"मी कधी म्हटलं आवडतं म्हणून?"

साहेबांनी खरंच विचार केला. मनापासून केला. "नाही म्हणालीस. पण नको असंही कधी म्हणाली नाहीस."

हे मात्र खरं होतं. ते उलटवून टाकायला मावशींना काही सापडेना, आणि खोलीपेक्षा, खांद्यापेक्षा तेच जास्त लागलं. खिडकीतून ते अकरा वर्षं बघत होते. जे करताना आपण दिसू नये असं त्यांना वाटत होतं, तेच करताना बायको दिसत होती, आणि ते बोटानं राहिलेलं दाखवत होते. तेव्हा लाज कुठे होती? त्यांनी विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर तेही असंच सरळ आणि निर्मळ आलं असतं.

पुढच्या आठवड्यात मावशींनी बाजारात एका लाँड्रीच्या मागची खोली भाड्यानं घेतली. एकच खिडकी, तीही भिंतीवर उघडणारी, आणि दिवसभर इस्त्रीची वाफ. जुनं ढकलायचं मशीन त्यांनी लाँड्रीवाल्याला देऊन टाकलं. सकाळी नऊला जायच्या, दिवेलागणीला परत यायच्या.

मोठं मशीन कडांना पोचत नसे. कुंपणालगत, झाडांच्या बुंध्यांशी, नळाखाली, नाल्याच्या काठानं गवत वाढायला लागलं. मधे गुळगुळीत आणि चारी बाजूंनी दाढी वाढल्यासारखं.

"कडा राहिल्यात," एक दिवस साहेब म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या.

ते आणखी दोनदा म्हणाले, मग म्हणायचे थांबले. कडा कापायला सीटवरून उतरावं लागलं असतं, आणि ते काही उतरले नाहीत. घरात भांडण झालं नाही. दोघं औषधांबद्दल बोलत, विजेच्या बिलाबद्दल बोलत. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारपणी छान चाललंय दोघांचं.

खांदा काही पुरता सुधारला नाही. उशीर झाला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मावशी डाव्या हातानं कापड कापायला शिकल्या. जाड कोट घेणं त्यांनी बंद केलं, त्यामुळे कामही कमी झालं. एकदा लेकीचा दुकानात फोन आला. बाबांना एकटं वाटतं, म्हणाली. तू अजून रागावलीस का?

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "राग केव्हाच गेला."

"मग?"

मग काय, ते त्यांना सांगता येईना. राग होता तोवर निदान साहेबांशी मनातल्या मनात बोलणं तरी व्हायचं. आता तेही नव्हतं. "गिऱ्हाईक आलंय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गिऱ्हाईक खरंच आलं होतं. एक तरुण बाई, नव्या नोकरीसाठी घेतलेला ड्रेस घेऊन, खांद्यात ढगळ. मावशींनी टाचण्या तोंडात धरल्या आणि तिला सरळ उभं राहायला सांगितलं.