नायकाची सही

क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी माझ्या टेबलावर होती. तीस वर्षांत या नीळकंठच्या फायलीकडे कुणी बोट दाखवलं नाही, हे मी कुणी न विचारता चारचौघांत सांगायचो.

बबिता आली तो भरतीचा शेवटचा दिवस. वनरक्षकाची जागा, खेळाडूंसाठी राखीव, एकच. पाचपर्यंत प्रमाणपत्रावर माझा ‘वैध’ असा शेरा हवा होता. सोबत तिचे वडील धरमसिंग, बोरी अरबकडच्या बंजारा तांड्याचे नायक.

“खेळ कोणता?”

“डार्ट्स.”

मला हसू आलं. तिला नाही आलं. “कापसाचे बोरे शिवायचा दाभण फेकून शिकली, साहेब,” धरमसिंग म्हणाले.

एका वर्षी कापसाचं खरेदी केंद्र बंद पडलं होतं. कापूस घराघरांत पडून, धरमसिंगांना बोरे शिवायला कुणी बोलवत नव्हतं. मग ही पोरगी तरटावर कोळशानं वर्तुळं काढून बापाच्या दाभणांनी नेम धरत बसली, आणि पुढे परदेशात जाऊन जागतिक स्पर्धेत पहिली आली.

‘जागतिक’ या शब्दाला मी भुलत नाही. या खेळाच्या दोन संस्था होत्या; दोघीही आपल्याच स्पर्धेला जागतिक म्हणायच्या. आमच्या यादीत एकीचंच नाव होतं. मी चष्मा लावून ताडून पाहिलं. संस्था तीच, शिक्का तोच, अध्यक्षाची सही नमुन्याशी जुळली. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी पेन उघडलं.

आणि अध्यक्षाच्या सहीखाली निळ्या शाईतली ओळ दिसली. ‘मंजूर. धरमसिंग नायक.’ शेजारी चार पंचांचे अंगठे.

“हे कोणी केलं?”

“म्या,” धरमसिंग ताठ बसून म्हणाले. “पोरगी जिंकून आली, तवा नसाब बसवला, म्हंजे आमची पंचाईत. सारा तांडा जमा केला. पंचाईसमोर मंजूर केलं. नायकाच्या सहीबिगर आमच्यात काही पक्कं होत नाही, साहेब.”

मूळ कागदावर दुसऱ्या कुणी काही लिहिलं, की तो बाद. नियम स्पष्ट होता. “आधीची झेरॉक्स आहे?” नव्हती. नवी प्रत यायला महिना लागला असता.

मी समजावून सांगितलं. धरमसिंगांनी अध्यक्षाच्या सहीवर बोट ठेवलं. “त्या गोऱ्या साहेबानं पोरीले दोन दिस पाह्यलं. त्याची सही चालते. मले ती जन्मापासून ठावं हाय. माही काहून नाही चालत?” मग आवाज खाली आला. “मी माहं नाव खोडून देतो.”

“खोडलं तरी बादच.”

“खोडू नोका, बा,” बबिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “राहू द्या तुमचं नाव.”

ती ओळ मला दिसलीच नाही असं धरलं असतं, तर कुणाला कळलं नसतं; माझ्या शेऱ्यानंतर मूळ कागद पुन्हा कुणी पाहत नसे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माझ्या फायलीकडे कुणी बोट दाखवलेलं नव्हतं ना! मी ‘अवैध’ लिहिलं आणि खाली सही केली.

धरमसिंगांनी वाकून पाहिलं. “तुमची सही झाली?”

“झाली.”

“मंग झालं. चाल, पोरी.” त्यांनी मला हात जोडले. “सही झाल्यावर गोष्ट फिरवाले सांगू नये कोणाले.”

ते दोघं जिना उतरून गेले. पाच वाजायला अजून अर्धा तास होता. मी फाईल बांधून कपाटात ठेवली.