आंबट बंद

अंथुर्ण्याच्या जमीलाला आंबटाचं भारी वेड. त्याच जमीलाच्या जबड्याखाली एके दुपारी जेवता जेवता सुपारीएवढी गाठ आली, आणि बाईचा घास तोंडातच राहिला.

मिश्री लावायची सवय लग्नाआधीपासूनची. मिश्रीनं काय होतं ते तिनं दवाखान्याच्या भिंतीवर चित्रात बघितलेलं. कॅन्सरच! नवऱ्याला, बादशाहला, तिनं अवाक्षर सांगितलं नाही. शेजारच्या मुक्ताबाईंना तेवढी गाठ दाखवली, आणि तिथंच चुकलं.

"सूज हाय न्हवं? मग आंबट बंद!" मुक्ताबाईंनी हुकूम सोडला.

आमच्याकडं कुठंही सूज आली की आधी आंबटावर गदा. चिंच गेली, ताक गेलं, आमटीतला टोमॅटोसुद्धा गेला. गाठ मात्र रोज जेवायला बसलं की फुगायची, मग जराशी ओसरायची. जमीलानं भीतीनं जेवणच सोडलं.

शेवटी गाठ झाकायला तिनं तोंडावर ओढलेला पदर बादशाहनं बाजूला केला. "मला सांगायचं न्हाय व्हय गं!" टायरचं दुकान बंद ठेवून त्यानं तिला गाडीवर बसवलं आणि बारामती गाठली.

डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली चाचपलं, सोनोग्राफी केली. "कॅन्सर नाही हो. लाळेच्या नळीत खडा अडकलाय. जेवताना लाळ तुंबते, म्हणून गाठ फुगते. खडा बारीक आहे, निघेल. पाणी भरपूर प्या, मिश्री सोडा आणि आंबट चोखा."

"आंबट?"

"चांगलं आंबट."

जमीलाचा विश्वास बसेना. मरणाऱ्याला काय हवं ते खाऊ देतात, तसलंच हे, असं तिच्या मनानं घेतलं. तरी बिचारी लिंबं चोखत राहिली. मुक्ताबाई कपाळाला हात लावून, "अगं, सोताच्याच जिवावर उठलीस का?" म्हणत राहिल्या.

आणि एका सकाळी लिंबाची फोड चोखताना जिभेखाली कचकन टोचलं, तोंड लाळेनं भरलं. तिनं तळहातावर थुंकून बघितलं, तर तांदळाच्या कणीएवढा पिवळा खडा! तिनं जबडा चाचपला. गाठ बसत चालली होती.

जमीला अनवाणी दुकानाकडं पळाली. "अवो, निघाला! निघाला बघा!"

बादशाहच्या हातातला टायर गडगडत रस्त्यावर गेला. मागून मुक्ताबाई धापा टाकत आल्या, खडा डोळ्याजवळ धरून बघितला, आणि त्यांनीच रडायला सुरुवात केली.

"रडता कशाला?" जमीला भर रस्त्यात ओरडली, "मी मरत न्हाय आता! सांगा समद्या गावाला!"

गावानं ते ऐकलंच होतं.